न ओरडणारं घर

आमच्या घरात कुणी ओरडत नाही. दारात बोट चिरडलं, उकळतं पाणी पायावर सांडलं, करवतीच्या पात्याने अंगठ्याचं पेर उडवलं, तरी ओठ दाबायचे आणि श्वास नाकातून सोडायचा. शेजारीपाजारी म्हणतात, सभ्य माणसं आहेत. मी कॉलेजात इतिहास शिकवते. सभ्य हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं, कारण ज्यांनी दुसऱ्यांची गावं जाळली तेही स्वतःला हाच शब्द लावत होते. पण आमच्या गप्प बसण्याचा सभ्यपणाशी काही संबंध नाही. तो नियम तांडेलापासून आला.

तांडेल म्हणजे माझ्या पणजोबांचे आजोबा. नदीवरच्या सगळ्या होड्या त्यांच्या शब्दावर सुटायच्या आणि त्यांच्याच शब्दावर लागायच्या. गोऱ्यांची लाकूड कंपनी नदीतून वर सरकत आली, तेव्हा तिला ओंडके ओढायला माणसं हवी होती. पहिल्या वेळी जे गेले ते तळहात फाटून परत आले, आणि काही आलेच नाहीत. दुसऱ्या वेळी कंपनीच्या नावा दिसताच दोन्ही काठांची माणसं बायकापोरांसकट लव्हाळ्यात शिरली. नदीच्या वळणावर तेव्हा माणसाच्या डोक्यावरून जातील इतकी लव्हाळी होती. तांडेल एकटे धक्क्यावर थांबले, कारण घरात कुणी नाही हे सांगायलाही कुणीतरी लागतं.

कप्तानाने विचारलं, माणसं कुठे आहेत. तांडेल म्हणाले, मासे मारायला गेलीत. मग कप्तानाने धक्क्यावर टिकटी उभी करवली. तीन बांबू वर एकत्र बांधायचे, खाली पाय फाकवायचे, माणसाचे हात वरच्या गाठीला आवळायचे आणि पाठ उघडी करायची. एवढं साधं यंत्र, होडीत घडी करून नेता येतं. मारणारा कंपनीचा शिपाई होता, रंगाने आमच्यासारखाच, वरच्या गावातला. एक जण थकला की दुसरा यायचा. बाजूला कंपनीचा वैद्य उभा राहून मधूनमधून नाडी बघायचा, माणूस मरू नये एवढ्यापुरती.

पुढची गोष्ट आमचे वडील, आबा, सांगायचे, रात्रीची जेवणं झाल्यावर, दात कोरत. पहिल्या फटक्यांत कातडं गेलं. मग मांस. मग फासळ्या उघड्या पडल्या आणि त्यांच्यावर माशा बसल्या. पण तांडेलाच्या तोंडून हूं नाही की चूं नाही. ते गप्प राहिले म्हणून लव्हाळ्यातली माणसं वाचली, आणि ती वाचली म्हणून आपण आहोत. आजोबांच्या तोंडी पन्नास फटके होते म्हणे. आबांनी त्यांचे शंभर केले. माझा भाऊ सांगतो तेव्हा ते दोनशेवर जातात. आमच्याकडे संपत्ती वाढली नाही, पण फटक्यांत पिढ्यान्‌पिढ्या बरकत आहे.

आमची लाकडाची वखार आहे, धक्क्याला लागूनच. वखारीत मोठी करवत, तिला मोटरीवरून फिरवणारा रुंद पट्टा, रबर आणि कॅनव्हासचा. पट्टा झिजला की बदलतात. झिजलेल्या पट्ट्याचा हातभर तुकडा आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेला असे. पट्ट्याची दोन टोकं जोडणारे लोखंडी दात, म्हणजे जोडाचे दात, त्याच्या टोकाला तसेच ठेवलेले. इतरांच्या पोरांची परीक्षा शाळेत व्हायची, आमची दारामागे.

भाऊ सहा-सात वर्षांचा असताना गल्लीत सायकलवरून पडला आणि त्याने भोकाड पसरलं. लोकांनी बघितलं. आबांनी त्याला आत आणला, दार लावलं आणि पट्टा काढला. रडायचा थांबेपर्यंत मारला, आणि थांबला तेव्हा खरंच थांबलाय ना हे बघायला आणखी मारला. त्याची चड्डी ओली झाली, पण आवाज बंद झाला. मग आबांनी त्याला मांडीवर घेतलं आणि तळहातावर साखर ठेवली. म्हणाले, आता तू तांडेलाचा. तो साखर चाटत माझ्याकडे बघत होता, आणि मला त्याचा हेवा वाटला होता. माझ्या वाट्याला पट्टा यायचा, साखर कधी आली नाही.

मग भावाचं लग्न झालं आणि या घरात माझी भावजय आली. तिच्या माहेरी सगळे बोंबलणारे. हसले तरी दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जायचं. आल्यावर पहिल्याच आठवड्यात ताकाच्या भांड्यामागून पाल निघाली आणि ती अशी किंचाळली की वखारीतल्या माणसांनी करवत थांबवली. मला हसू आवरेना. आबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि दिवसभर जेवले नाहीत. एवढंच. तिला कुणी काही बोललं नाही. पुढे पाल निघाली की ती फक्त मागे सरायची आणि पदर तोंडात धरायची. मला वाटलं, रुळली.

आबा गेले. मी लग्न केलं नाही. अंगणापलीकडे लाकडाच्या कोठारावरच्या खोलीत मी, माझी पुस्तकं, आणि दिवसभर करवतीचा घर्रघर्र आवाज. भावाच्या लेकीला तिच्या आईने लवकरच हॉस्टेलात धाडली. शिक्षणासाठी, असं सगळ्यांना सांगितलं. मीही शाबासकी दिली. कंपनीच्या राजवटीत या नदीवर काय झालं यावर मी तेव्हा पुस्तक लिहायला घेतलं होतं, आणि गोऱ्यांचं जे जे छापलेलं मिळालं ते वाचत होते. कप्तानाने स्वतःच्या पराक्रमाची हकीकत छापली आहे. त्यात धक्क्यावरच्या फटक्यांना एक ओळ आहे. पुढे म्हटलंय, लव्हाळ्यात लपलेल्या रानटी लोकांनी विनाकारण हल्ला केला, म्हणून गोळीबार करावा लागला. आमचे प्राध्यापक म्हणायचे, कप्तान थापा मारतोय, लपलेली माणसं बंदुकांवर कशाला धावून येतील. मलाही ते पटायचं. चोराच्या उलट्या बोंबा नवीन नाहीत.

यंदा नगरपालिकेने ठरवलं की धक्क्यावर तांडेलाचा दगड उभारायचा. समितीचा अध्यक्ष माझा भाऊ. चित्रही ठरलं होतं, टिकटीला बांधलेला माणूस आणि घट्ट मिटलेले ओठ. खाली मजकूर मी लिहायचा. शिवाय तांडेलांच्या मौनामुळे जी घराणी वाचली त्यांची नावं कोरायची. आमच्या काठाची नावं मिळाली. पलीकडच्या काठाची मिळेनात. समितीची माणसं दोनदा जाऊन आली, तिथे त्यांना पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. भाऊ म्हणाला, ताई, तूच जा, तुझ्याशी तरी बोलतील. मी हो म्हटलं आणि कामाच्या रगाड्यात ते लांबणीवर टाकलं.

त्याच सुमारास भावजय तापाने फणफणली. भाऊ वखारीत होता. मी तिला कूस बदलायला हात लावला तर ती आखडली. ब्लाउज पाठीला चिकटला होता. मला वाटलं घाम. कोमट पाण्यात फडकं भिजवून मी तो हळूहळू सोडवायला लागले, आणि कापडाबरोबर खपल्या निघून आल्या.

तिची पाठ मी कशी सांगू. वळ नव्हते ते, वळांवर वळ होते. काही जुने, पांढरे पडून गुळगुळीत झालेले, त्यांना आडवे जांभळे, आणि त्यांच्यावर ताजे, फाटलेले, कडेला पिवळट पू धरलेले. ओळीने चार-चार छोटी भोकं होती. जोडाच्या दातांची. मी आयुष्यभर वाचलेलं सगळं त्या पाठीवर होतं, आणि मी अंगणापलीकडे बसून त्याच गोष्टीवर पुस्तक लिहीत होते. माझ्या हातातलं फडकं खाली पडलं.

मी विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, आबा गेले तेव्हापासून. आधी कधीतरी, मग दर थोड्या दिवसांनी. भाजी खारट झाली, लेकीचा फोन लांबला, असं काहीही. मी म्हटलं, बोलली का नाहीस, एक हाक मारायचीस, मी इथे पंचवीस पावलांवर. त्यावर तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तापाने डोळे लाल होते, आणि त्यांत लहान पोर पाटी दाखवतं तसा भाव होता.

"ओरडले नाही मी, वन्सं. एकदासुद्धा नाही. तुमच्या घरचीच झाले ना आता?"

मला तिथल्या तिथे काहीतरी फोडावंसं वाटलं. मी अंगण ओलांडून वखारीत गेले आणि मोटरीचा खटका पाडला. करवत अर्ध्या ओंडक्यात अडकून थांबली. माणसांसमोर मी भावाला सांगितलं की तिच्या अंगाला पुन्हा हात लावलास तर मी पोलिसात जाईन. तो भुसा झटकत शांतपणे म्हणाला, जा. आबांनी आपल्याला मारलं तर आपण मेलो का? आणि पोलिसांना सांगशील काय, कुणी काही ऐकलंय का? मी दारामागचा पट्टा काढून बंबात घातला. संध्याकाळी त्याच खिळ्याला दुसरा होता. वखारीत पट्ट्यांना काय तोटा.

मी पोलिसात गेलेही. हवालदार भला होता. त्याने गल्लीत चौकशी केली, आरडाओरडा ऐकलात का कधी. सगळे म्हणाले, छे, त्या घरातून तर टाचणी पडल्याचा आवाज येत नाही. भावजयीला विचारलं तर ती म्हणाली, ओल्या फळ्यांवरून घसरले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, आणि इथे तोंड तिने स्वतःच दाबून धरलेलं. हवालदार माझ्याकडे बघून खांदे उडवून गेला. त्या रात्री ती पुन्हा मार खाऊन उठली असणार, कारण सकाळी तिला डावा हात वर करता येत नव्हता. मी तिला माझ्या खोलीत चल म्हटलं, माहेरी पोचवते म्हटलं. ती म्हणाली, आपलं घर गप्प राहून उभं राहिलंय, मी कोण ते पाडणारी.

म्हणजे तिला त्याने नुसती मारली नव्हती, तांडेलाची गोष्टही पाजली होती. आणि ती गोष्ट दगडात कोरायचं काम माझ्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी मी लाँच पकडून पलीकडे गेले, कारण घरात बसले असते तर मी भावाच्या डोक्यात ओंडका घातला असता. तिकडे सगळ्यांनी एकाच घराकडे बोट दाखवलं. लाँचवालीकडे जा. नदीवरच्या सगळ्या लाँच त्या बाईंच्या. सत्तरीच्या, बोटांत अंगठ्या, समोर टेबलावर दोन फोन आणि इंजिनाचा एक तेलकट सुटा भाग, त्यावरून मेकॅनिकला झापणं चालू. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मेकॅनिकला बाहेर घालवलं, पण मला बसा म्हटलं नाही. मी उभ्याउभ्याच कामाचं बोलले. दगड उभा राहतोय, लव्हाळ्यात लपून जे वाचले त्यांची या काठाची नावं हवी आहेत.

"वाचलेल्यांची?" त्या म्हणाल्या. "बाई, या काठाचं कोण वाचलं?"

मला कळेना. मी तांडेलांच्या मौनाची गोष्ट सांगायला लागले तसा त्यांनी हात वर केला. ती आम्हाला ठाऊक आहे म्हणाल्या, तुमच्या काठाने दीडशे वर्षं ती वाजवलीय. मग त्यांनी त्यांच्या काठाची सांगितली. आवाज न चढवता, मधेच एकदा फोन वाजला तो बंद करून.

तांडेल बराच वेळ गप्प होता, हे खरं. दोरीचा पीळ दातांत धरला होता. मग शिपायाने फटका पाठीऐवजी मानेवर आणला आणि दात सुटले. तांडेल ओरडला. एकदा ओरडल्यावर त्याला थांबता येईना. नुसता ओरडला नाही, हाका मारायला लागला. लव्हाळ्यात कोण कुठे बसलंय ते त्याला ठाऊक होतं. त्याने नावं घेतली, एकेकाचं नाव, बापाच्या नावासकट. तुमच्या काठाच्या माणसांनी पोरांची तोंडं दाबली आणि ती चिखलात आणखी खाली बसली. या काठाची माणसं उठली. हातात वल्ही, लव्हाळं कापायचे कोयते. कमरेएवढ्या पाण्यातून ती धक्क्याकडे धावली, आणि कंपनीच्या शिपायांनी धक्क्यावर गुडघे टेकून बार काढले. पाण्यात पळता येत नाही. पहिली रांग पडली, तिच्या अंगावरून दुसरी आली. माझी खापरपणजी पोटुशी होती, म्हणून ती मागे राहिली, तिच्या नवऱ्याचा जबडा गोळीने नेला आणि तो तसाच चार पावलं चालला. कोयता घेऊन एक जण टिकटीपर्यंत पोचला. त्याने तांडेलाची दोरी कापली आणि तिथेच शिपायांनी त्या कोयतेवाल्याला संगिनीने भोसकला. दोरी सुटली म्हणून तांडेल नदीत पडला आणि वाहत जाऊन जगला. त्याच्यानंतर तुमचा वंश. नदी दोन दिवस गढूळ नव्हती, लाल होती, असं आमच्याकडे म्हणतात, आणि त्यानंतर कितीतरी महिने या काठावर कुणी मासे खाल्ले नाहीत.

मी तोवर खुर्ची ओढून बसले होते. कप्तानाचं वाक्य माझ्या डोक्यात घुमत होतं, लपलेल्या लोकांनी हल्ला केला. त्याने थाप मारली नव्हती, फक्त विनाकारण हा शब्द खोटा होता. मी म्हटलं, म्हणजे आमच्या माणसाच्या हाकेने तुमची माणसं मेली. म्हणून तुम्ही आम्हाला पाण्यात बघता.

लाँचवाली पहिल्यांदा हसली, आणि ते हसू चांगलं नव्हतं.

"हाकेचा राग कशाला येईल? माणूस हाक मारतो ती कुणीतरी यावं म्हणूनच. त्याने बोलावलं, आमचे गेले. गेले ते मेले, पण गेले. राग याचा आहे की तुम्ही म्हणता, तो ओरडलाच नाही. मग आमची माणसं कशाला मेली? वाऱ्याला ओ द्यायला?"

त्यांनी मला मग घराघरात फिरवलं. प्रत्येक घरात तीच हकीकत होती, फक्त मेलेला माणूस वेगळा. परत येताना लाँचच्या कठड्याला धरून मी धक्क्याकडे बघत होते, आणि मला आमच्या तांडेलांची लाज वाटत नव्हती. लाज वाटत होती ती त्यांच्या पोराची, ज्याने गोष्टीतून बापाचं ओरडणं पुसून त्या जागी साखर ठेवली. बापाची अब्रू वाचवण्यासाठीच त्याने ते केलं असेल. पण त्याने किती माणसं बुडवली.

पोचले तेव्हा दुपार होती. करवत बंद, वखारीतली माणसं जेवायला गेलेली. भाऊ स्वयंपाकघरात पाटावर, भावजय एका हाताने पोळ्या लाटत होती. ही गोष्ट त्याला तिच्यासमोर सांगायची नाही एवढी अक्कल मला असायला हवी होती. पण माझ्या तोंडात आलेलं मला गिळता येत नाही. मी उंबऱ्यातच म्हटलं, दगडावर मौन लिहायचं नाही. दगडावर लिहायचं, इथे तांडेलाने हाक मारली आणि पलीकडची माणसं आली. मग मी सगळं सांगितलं, नावांसकट.

भाऊ जेवायचा थांबला. हुबेहूब आबा. म्हणाला, पलीकडच्यांनी तुला काहीतरी भरवलंय. मी म्हटलं, कप्तानाचीही साक्ष जुळते. तो म्हणाला, आपला माणूस भेकड ठरवायला तुला गोऱ्याची साक्ष लागते का, चांगलं शिकलीस. मी म्हटलं, भेकड कोण म्हणतंय, पाठ सोलल्यावर ओरडतो त्याला माणूस म्हणतात.

तेव्हा चुलीपासून आवाज आला.

"ते ओरडले होते?"

भावजय लाटणं हातात घेऊन आमच्याकडे वळली होती. भाऊ म्हणाला, तू तुझं काम कर. तिने ऐकलं नाही. ती माझ्याकडे आली, अगदी जवळ, आणि पुन्हा विचारलं. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"वन्सं, खरं सांगा. ते ओरडले होते, आणि माणसं आली होती?"

"हो," मी म्हटलं. "आली होती."

ती नवऱ्याकडे वळली आणि म्हणाली, मग तुम्ही मला काय सांगत होतात इतकी वर्षं. एवढंच म्हणाली. भाऊ उठला आणि त्याचा हात दारामागे गेला.

पहिला फटका तिच्या दुखऱ्या खांद्यावर बसला. लाटणं गडगडत माझ्या पायाशी आलं. दुसरा कानावर. दात कानाच्या पाळीत रुतले आणि पट्टा मागे खेचताना पाळी फाटली. रक्त मानेवरून पोळ्यांच्या परातीत पडलं. मी त्याचा दंड धरला. त्याने मला झटकलं, पट्ट्याचं टोक माझ्या भुवईवर आलं आणि एका डोळ्यासमोर सगळं लाल झालं. ती खाली बसली होती, डोकं हातांत धरून, आणि तो वरून मारत होता, एका लयीत, ओंडके फोडतात तसा. आणि सगळं निःशब्द. पट्ट्याचा आवाज, त्याचा श्वास, बस. ती पदर तोंडात कोंबत होती.

मी ओरडायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. मी पन्नाशीची बाई, वर्गात शंभर पोरांना गप्प बसवते, पण माझ्या गळ्यातून नुसती हवा गेली. मी पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा हवा. आबांनी आपलं काम किती चोख केलं होतं ते मला त्या क्षणी कळलं, आणि मी लाटणं उचलून भावाच्या पाठीत घातलं. त्याला ते जाणवलंही नाही.

तेवढ्यात तिने पदर तोंडातून काढला.

ती किंचाळली. पालीला घाबरून किंचाळली होती तीच किंकाळी, इतकी वर्षं आत ठेवलेली. भावाचा हात वरच राहिला. मग त्याने पट्टा टाकला आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड दाबलं, गुडघा तिच्या छातीवर देऊन. ती त्याच्या तळहाताला चावली, हाड लागेपर्यंत चावली, तोंड सोडवलं आणि पुन्हा ओरडली. आता ती हाका मारत होती. दूधवाल्याला, शेजारच्या शिंपीणबाईंना, वखारीतल्या माणसांना, मला, जी मी तिथेच उभी होते, हॉस्टेलातल्या लेकीला. ज्यांची नावं आठवत होती ती सगळी, एकामागून एक. भावाने तिचं डोकं फरशीवर आपटलं. एक दात उडाला. ती रक्त थुंकून पुढचं नाव घेत होती.

गल्लीतली दारं उघडल्याचं मला ऐकू आलं. पण आधी आले ते धक्क्यावरचे. माझ्यानंतरची लाँच नुकतीच लागली होती, पलीकडची माणसं उतरत होती. ती आवाजाच्या दिशेने वखारीतून, भुशातून, थेट धावत आली. कुणाच्या हातात गळ लावायचा बांबू, कुणाच्या हातात दोरखंड, जे हातात होतं ते. स्वयंपाकघराचं दार अरुंद, तरी ती आत घुसली. पुढच्या माणसाने काही विचारलं नाही. भावाचा हात पुन्हा तिच्या गळ्याकडे जात होता, त्या मनगटावर त्याने बांबू घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना आला.

भाऊ भिंतीला टेकून खाली सरकला. मनगट उलट्या बाजूला लोंबत होतं, कपाळावर घाम फुटला होता. त्याने ओठ दाबले आणि श्वास नाकातून सोडला. त्याची नजर माझ्यावर होती, साखर चाटताना होती तशीच. मी त्याच्याजवळ बसले आणि म्हटलं, ओरड रे. दुखतंय ना, ओरड. त्याने मान हलवली आणि तोंड आणखी घट्ट मिटलं.

स्वयंपाकघर माणसांनी भरलं होतं, अंगण भरलं होतं, मागून आणखी येत होती. शिंपीणबाई कणकेच्या हातांनी आल्या होत्या. त्याच लाँचने आलेली लाँचवाली हातातला फोन तसाच धरून गर्दीतून पुढे आली. तिने परातीतलं रक्त बघितलं, पट्टा बघितला, मला बघितलं, भिंतीशी बसलेल्याला बघितलं.

"कोण ओरडलं?" तिने विचारलं.

भावजय भिंतीला धरून उभी राहिली. एक डोळा बंद झाला होता, ओठ फाटला होता.

"मी," ती म्हणाली.

मागच्यांना ऐकू गेलं नाही. अंगणातून कुणीतरी पुन्हा विचारलं. तेव्हा तिने छाती भरून श्वास घेतला आणि शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, मी ओरडले.